अर्धशिशी उठू नये म्हणून: पहिल्या सहा महिन्यांची आखणी

मायग्रेनचं औषध म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती डोकं उठल्यावर घ्यायची गोळी. इथे तिच्याबद्दल थोडंच आहे. बाकी सगळं डोकं दुखत नसताना करायच्या कामांबद्दल आहे. आलेला झटका मोडणं हे एक काम, आणि महिन्याला आठ झटके येत असतील तर ते तीन-चारावर आणणं हे दुसरं. दोन्हींची औषधं वेगळी, नियम वेगळे. पहिल्याचा निकाल दोन तासांत लागतो. दुसऱ्याला सहा महिने द्यावे लागतात आणि त्यातले पहिले दोन बऱ्याचदा कोरडे जातात. मायग्रेन मुळासकट उपटता येत नाही. तो मेंदूच्या ठेवणीतच असतो आणि पुष्कळदा घराण्यातून आलेला असतो. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आणणं मात्र अनेकांना जमतं, आणि डॉक्टरही यशाचं माप तेच धरतात.

आधी हे मायग्रेनच आहे का

अर्धशिशी हा शब्द छान असला तरी फसवा आहे. अर्धंच डोकं दुखलं पाहिजे असं काही नाही. कित्येकांचं दोन्ही बाजूंनी दुखतं, काहींचं मानेपासून वर चढत जातं. निकष असे आहेत: औषध न घेता ४ ते ७२ तास टिकणारी डोकेदुखी, आणि असे किमान ५ झटके येऊन गेलेले. दुखण्यात पुढच्या चारांपैकी दोन गोष्टी हव्यात: एका बाजूला असणं, नाडीसारखं ठणकणं, मध्यम ते तीव्र असणं, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनं वाढणं. जोडीला मळमळ किंवा उलटी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे व्हायला हवेत. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये मायग्रेन दिसत नाही. स्कॅन करतात तो दुसरं काही नाही ना हे पाहायला. निदान होतं ते तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून.

घोळ साधारण तीन ठिकाणी होतो. झटक्यात नाक चोंदतं, डोळ्यांना पाणी येतं, म्हणून सायनसची औषधं सुरू होतात. उलटी झाल्यावर अनेकांना उतार पडतो, म्हणून सगळं खापर पोटावर फुटतं. आणि मान आखडते, म्हणून मानेचा एक्स-रे निघतो. खरं तर मान आखडणं हा झटक्याचाच भाग असतो आणि कित्येकदा दुखण्याच्या काही तास आधी सुरू होतो.

काही जणांना दुखण्याआधी ऑरा येतो. वाचता वाचता ओळीतला एखादा शब्द दिसेनासा होतो, त्या जागेभोवती चमकती नागमोडी कड उमटते, ती हळूहळू पसरत बाहेर सरकते आणि वीस-पंचवीस मिनिटांत नजरेच्या काठावरून निघून जाते. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकणाऱ्या विद्युत लाटेमुळे हे घडतं. म्हणूनच ऑरा पसरत जातो आणि ५ ते ६० मिनिटं टिकतो. पक्षाघातात उलट असतं: जे जातं ते एकदम जातं. ऑरा असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पुढे गर्भनिरोधक गोळीचा प्रश्न येतो तेव्हा त्यावरच निर्णय फिरतो.

काही डोकेदुख्यांत कॅलेंडर वगैरे भरत बसायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. मिनिटाभरात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि ताठ मान. हातापायातली शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, फिट येणं. डोक्याला मार लागल्यानंतरची, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेली, कर्करोग किंवा कमी प्रतिकारशक्ती असताना आलेली. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, किंवा खोकताना, वाकताना, आडवं होताना उठणारी डोकेदुखीसुद्धा आधी तपासूनच घ्यायची.

पहिला महिना: नुसतं मोजायचं

पहिल्या महिन्यात काही बदलू नका, फक्त लिहा. साधं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, फोनमधलं ॲपही चालतं. रोज रात्री एक ओळ: दुखणं ० ते ३ मध्ये, घेतलेलं औषध, आणि काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द. ० म्हणजे डोकं पूर्ण मोकळं, १ म्हणजे जड पण कामं चालू, २ म्हणजे काम रखडलं, ३ म्हणजे अंथरूण धरलं. एक आठवडा असा दिसेल (ट्रिप्टान म्हणजे मायग्रेनचा झटका मोडणाऱ्या खास गोळ्यांचा गट):

मंगळ: २, दुपारी ४ पासून. ट्रिप्टान १. रात्री उलटी.
बुध: १, जड. औषध नाही.
गुरु: ०
शुक्र: ०. पाळी सुरू.
शनि: ३, पहाटेच उठलं. वेदनाशामक १, दोन तासांनी आणखी १. दिवस गेला.

यापेक्षा जास्त लिहू नका. खाल्लेला प्रत्येक घास, हवामान, मनःस्थिती असं सगळं टिपायला निघालेली डायरी दहाव्या दिवशी बंद पडते. सर्वात मोठी चूक मात्र उलट दिशेची: फक्त ३ वाले दिवस लिहायचे आणि १ वाले सोडून द्यायचे. ‘महिन्यातून तीनदा डोकं दुखतं’ असं सांगणाऱ्याला ‘डोकं पूर्ण मोकळं असे दिवस किती?’ असं विचारलं की पुष्कळदा ‘दहा-बारा’ असं उत्तर येतं. म्हणजे दुखण्याचे दिवस तीन नसून अठरा-वीस आहेत, आणि उपचाराची सगळी दिशा बदलते.

महिनाअखेरीस तीन बेरजा करा: दुखण्याचे दिवस, औषध घेतलेले दिवस, वाया गेलेले दिवस. वरच्या आठवड्यात दुखण्याचे तीन, औषधाचे दोन, वाया गेलेला एक. शनिवारी गोळ्या दोन झाल्या तरी औषधाचा दिवस एकच.

दुखण्याचे दिवस महिन्याला ४ किंवा जास्त असतील, तर प्रतिबंधक औषधाचा विषय डॉक्टरांकडे काढायची वेळ झाली. दिवस कमी असूनही प्रत्येक झटका दोन-तीन दिवस आडवं पाडत असेल, किंवा झटक्यावरची औषधं चालत नसतील, तरीही विषय काढाच. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले किमान ८ मायग्रेनचे असतील, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. मग न्यूरॉलॉजिस्टकडेच जाणं बरं.

गोळ्यांचा हिशोब

दुसऱ्या बेरजेवर बहुतेक लोक अडकतात, म्हणून इथे जरा थांबू. डोकेदुखीची गोळी फार वेळा घेतली की तीच डोकेदुखी ओढवून आणते. सीमारेषा ठरलेल्या आहेत: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेनसारखी साधी वेदनाशामकं महिन्याला १५ दिवस; ट्रिप्टान, अरगट (झटक्यावरचं जुनं औषध), अफूवर्गीय औषधं आणि दोन-तीन घटक एकत्र असलेल्या गोळ्या महिन्याला १० दिवस. तीन महिन्यांहून जास्त काळ ही रेघ ओलांडली की दुखणं जवळपास रोजचं होतं, सकाळी उठल्या उठल्या डोकं धरलेलं असतं, आणि गोळीचा असर चार तासांवर येतो. या अवस्थेत प्रतिबंधक औषधाचा प्रभावही उणा पडतो. साधा नियम लक्षात ठेवा: झटक्यावरचं औषध आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

रेघ ओलांडलेली असेल तर गोळ्या कमी कराव्या लागतात, आणि पहिले २ ते १० दिवस दुखणं वाढतं. हे आधी माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी हार मानून पुन्हा पाकीट उघडतो. साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान एकदम थांबवता येतात. अफूवर्गीय औषधं किंवा झोपेच्या गोळ्यांच्या जातीचं काही त्यात असेल, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवायची. बऱ्याचदा डॉक्टर प्रतिबंधक औषध त्याच वेळी सुरू करून देतात.

कमी वेळा घ्यायची म्हणजे भीत भीत घ्यायची असा मात्र अर्थ नाही. झटक्याची गोळी लवकर आणि पुऱ्या मात्रेत घ्यावी लागते, दुखणं १ वर असताना, ३ वर गेल्यावर नव्हे. झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे उशिरा गिळलेली गोळी पोटातच पडून राहते. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम किंवा नॅप्रॉक्सेन ५०० मिलिग्रॅम; मळमळ असेल तर जोडीला उलटीची गोळी. ती पुरत नसेल तर सुमाट्रिप्टान ५० ते १०० मिलिग्रॅम, ऑरात नव्हे तर डोकं दुखायला लागल्यावर. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान चालत नाहीत, आणि जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनचा वर्गही नको. अर्धी गोळी घेऊन ‘बघू’ म्हणणं आणि तीन तासांनी उरलेली अर्धी घेणं, यात औषधही वाया जातं आणि मोजणीतला एक दिवसही.

सवयी: मेंदूला बदल खपत नाही

मायग्रेन असलेल्या मेंदूची खोड अशी की त्याला कमी झोप खपत नाही, तशी जादा झोपही खपत नाही. ताण खपत नाही, आणि ताण एकाएकी उतरलेलाही खपत नाही. रविवारची डोकेदुखी याचा उत्तम नमुना आहे. आठवडाभर सहाला उठणारा माणूस रविवारी साडेनऊला उठतो. झोप साडेतीन तासांनी वाढली, सकाळची कॉफी तेवढीच लांबली, नाश्ता बुडाला, आणि आठवड्याचा ताण एकदम सुटला. चार बदल एका सकाळी. अकराला डोकं उठतं आणि दोष जातो आदल्या रात्री खाल्लेल्या कशाला तरी.

म्हणून सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. सातही दिवस एकच वेळ. फार तर अर्ध्या तासाचा फरक. झोप ७ ते ८ तास. दुपारची झोप घ्यायचीच तर २० मिनिटं. रात्री अंथरुणात जागं पडून राहावं लागत असेल तर उठून बाजूला बसा आणि झोप आली की परत या. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि सकाळी जड डोकं असं त्रिकूट असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. स्लीप ॲप्निया असेल तर तो बरा केल्याशिवाय मायग्रेनची औषधं धड चालत नाहीत.

जेवणं वेळेवर. जागेपणी चार-पाच तासांपेक्षा लांब उपास पडू देऊ नका, आणि उठल्यावर तासाभरात काहीतरी खा. पाणी लघवी फिकट पिवळी राहील इतकं. लिटर मोजत बसायची गरज नाही.

कॅफीनचं प्रकरण दुटप्पी आहे. थोडं कॅफीन झटक्यात मदत करतं, वेदनाशामकांत ते मुद्दाम घातलेलंही असतं. रोजचं जास्त झालं की मात्र कप चुकल्यापासून १२ ते २४ तासांत डोकं दुखतं. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहा, म्हणजे साधारण दोन कप कॉफी किंवा चार कप चहा, आणि महत्त्वाचं म्हणजे रोज त्याच वेळी. कमी करायचं असेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप. एका झटक्यात सोडलं तर पहिला आठवडा डोकेदुखीतच जाईल आणि त्याचा दोष कॅलेंडरमध्ये भलत्याच गोष्टीवर जाईल.

व्यायाम औषधासारखा घ्या: आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात असा व्यायाम, शिथिलीकरण आणि टोपिरामेट ही झटके रोखण्यासाठी रोज घ्यायची गोळी या तिघांची तुलना केली, तेव्हा झटके कमी होण्यात तिघांत लक्षणीय फरक दिसला नाही. तरी व्यायामानं डोकं उठतं अशी तक्रार येते. बहुतेक वेळा कारण एकच: सरावाशिवाय पहिल्याच दिवशी जोर. दहा मिनिटं सावकाश चालून अंग तापवा, आधी थोडं खा, पाणी प्या, आणि पहिले दोन आठवडे १५-२० मिनिटांवरच थांबा.

ताणाबद्दल ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे. उपयोगी आहे तो रोजचा १५ मिनिटांचा सराव. आडवं व्हा. पावलांचे स्नायू ५ सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडून २० सेकंद तसेच पडून राहा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, शेवटी कपाळ. खांदे आणि जबडा दोनदा करा. मायग्रेनवाल्यांचे तेच सर्वात ताठ असतात. आठवडाभरानं काही वाटणार नाही, दीड-दोन महिन्यांनी कॅलेंडर बघा.

घरात काळा चष्मा लावून बसायची सवय मात्र मोडा. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही जास्त बोचायला लागतो.

हे सगळं एकदम सुरू करू नका. दोन आठवड्यांना एक सवय, क्रम वर दिला आहे तोच.

चॉकलेटवर आळ घेण्याआधी

‘कशानं उठतं’ ते शोधण्याचा नाद अनेकांना लागतो, आणि यादी वाढत वाढत ताटात काही उरत नाही. एक गोष्ट ध्यानात घ्या: झटका दुखण्याच्या आधीच सुरू झालेला असतो, कधी कधी दोन दिवस आधी. त्या काळात जांभया येतात, चिडचिड होते, वरचेवर लघवीला होतं, मान आखडते आणि गोड खावंसं वाटतं. माणूस चॉकलेट खातो, संध्याकाळी डोकं दुखतं, चॉकलेट गुन्हेगार ठरतं. प्रत्यक्षात चॉकलेट खावंसं वाटणं हीच झटक्याची सुरुवात होती. उजेड, वास यांचंही काही वेळा असंच होतं.

कारण खरं आहे असं तेव्हाच माना, जेव्हा ते घडल्यावर दहापैकी सहा-सात वेळा चोवीस तासांत डोकं उठतं, आणि ते नसताना तितकं उठत नाही. दारू, विशेषतः रेड वाईन, काहींच्या बाबतीत या परीक्षेत टिकते. एकटं कारण क्वचितच पुरं पडतं. अपुरी झोप, पाळीच्या आधीचे दिवस आणि बुडालेलं जेवण यांची बेरीज पुरी पडते. बेरजेतला पाळीचा आकडा तुमच्या हातात नसतो. उरलेले दोन असतात.

रोजचं औषध ठरवताना

पाकिटातला कागद वाचून औषध बंद करणारे खूप. ‘हे तर नैराश्याचं औषध आहे, मला कुठे नैराश्य आहे?’ मायग्रेनसाठी वापरली जाणारी जुनी औषधं जवळपास सगळीच दुसऱ्या आजारांसाठी जन्मली. १९६६ साली छातीत दुखणाऱ्या हृदयरुग्णांना प्रोप्रॅनोलॉल देताना त्यांची मायग्रेन कमी झाल्याचं लक्षात आलं. अमिट्रिप्टिलीन नैराश्याचं, टोपिरामेट फिटचं, कँडेसार्टन रक्तदाबाचं. मायग्रेनसाठी यांतली बरीचशी कमी मात्रेत देतात. पुढचे आकडे ओळख म्हणून आहेत. तुमची मात्रा डॉक्टर ठरवतील.

प्रोप्रॅनोलॉल सहसा २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सुरू करून दिवसाला ८० ते १६० पर्यंत नेतात. दमा असेल तर अजिबात नको, नाडी मुळात मंद असेल तरी नको. थकवा, गार हातपाय, रात्री विचित्र स्वप्नं पडू शकतात. एकदम थांबवायचं नाही. झटक्यासाठी रिझाट्रिप्टान घेत असाल तर सांगा: प्रोप्रॅनोलॉलमुळे तिची रक्तातली पातळी चढते, म्हणून १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची गोळी लागते.

अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून. झोप न लागणाऱ्यांना आणि मान-खांदे ताठ असणाऱ्यांना ती दुहेरी कामाला येते. सकाळी गुंगी राहत असेल तर औषध बदलण्याआधी वेळ बदला: झोपताना न घेता दोन तास आधी घ्या. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं हे तिचे दोष. काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आधी सांगा.

टोपिरामेटची चढण ठरलेली आहे: पहिला आठवडा रात्री २५ मिलिग्रॅम, दुसरा आठवडा सकाळ-रात्र २५, तिसरा सकाळी २५ रात्री ५०, चौथ्यापासून दोन्ही वेळा ५०. घाई केली तर बोटांना मुंग्या आणि ऐन बोलताना शब्द न आठवणं हे दोन्ही त्रास जोरात येतात. मग लोक औषध सोडतात, खरं तर चढण सावकाश करून भागलं असतं. सोडा घातलेली पेयं बेचव लागतात, वजन उतरतं. मूतखडा होऊन गेला असेल तर टाळलेलं बरं, नसेल तर पाणी भरपूर. डोळा अचानक दुखून धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गर्भावर वाईट परिणाम होतो, म्हणून मूल होण्याची शक्यता असेल तर खात्रीचं गर्भनिरोधन लागतंच. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी गंभीर आहे. मूल होऊ शकेल अशा स्त्रीला ते मायग्रेनसाठी देऊच नये.

कँडेसार्टन ८ ते १६ मिलिग्रॅम, त्रास तुलनेनं कमी, पण गरोदरपणात बंद. फ्लुनारिझिन रात्री ५ ते १० मिलिग्रॅम, काही महिने देऊन मध्ये खंड पाडतात; पूर्वी नैराश्य होऊन गेलं असेल किंवा घरात कंपवात असेल तर हे नको.

निवड बहुधा मायग्रेनवरून होत नाही, बरोबरीच्या दुखण्यांवरून होते. रक्तदाब असेल तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कँडेसार्टन, झोप नसेल तर अमिट्रिप्टिलीन, वजन जास्त असेल तर टोपिरामेट. म्हणून डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरबरोबर सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादीही न्या.

नव्या पिढीची औषधं खास मायग्रेनसाठी बनली आहेत. झटक्यात डोक्याच्या मज्जातंतूंतून सीजीआरपी नावाचं द्रव्य बाहेर पडतं. ते उकलणाऱ्या संशोधनासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. हे द्रव्य अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून वापरात आली: एरेन्युमॅब ७० किंवा १४० मिलिग्रॅम महिन्याला, गॅल्कनेझुमॅब पहिल्यांदा २४० आणि मग दरमहा १२०, फ्रेमनेझुमॅब दरमहा २२५. मांडीत किंवा पोटावर कातडीखाली स्वतःच टोचता येतात. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. थंडगार टोचलं की जास्त झोंबतं. मात्रा चढवण्याची कटकट नाही, परिणाम पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच जाणवू शकतो. एरेन्युमॅबनं बद्धकोष्ठ होतं आणि काहींचा रक्तदाब चढतो. गरोदरपणाचा विचार असेल तर काही महिने आधीच थांबवावी लागतात. अॅटोजेपंटसारख्या रोजच्या गोळ्याही याच घराण्यातल्या. अमेरिकन हेडेक सोसायटीनं २०२४ मध्ये ही औषधं सुरुवातीपासूनच विचारात घ्यावीत असं म्हटलं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जुनी दोन-तीन करून झाल्याशिवाय ती मिळत नाहीत.

बोट्युलिनम टॉक्सिनची (बोटॉक्सची) इंजेक्शनं फक्त क्रॉनिक मायग्रेनसाठी: कपाळ, कानशिलं, डोक्यामागे, मान आणि खांदे मिळून ३१ जागी, एकूण १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. पहिल्या फेरीवरून निकाल काढू नका.

पाळी, गोळी, गरोदरपण

पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत दर महिन्याला ठरून डोकं उठत असेल आणि पाळी नियमित असेल, तर रोजच्या औषधाऐवजी तेवढ्या पाच-सहा दिवसांपुरतं नॅप्रॉक्सेन किंवा फ्रोव्हाट्रिप्टान देता येतं. कॅलेंडरवर सलग तीन पाळ्या दाखवता आल्या पाहिजेत. ऑरा येत असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी टाळायची, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपानाची जोड असेल तर आणखी. इस्ट्रोजेनविरहित पर्याय असतात, ते मागा. मूल हवं असेल तर रोजची औषधं आधीच तपासून घ्या, राहिल्यावर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत अनेकींची मायग्रेन आपोआप मंदावते.

पूरकं

रिबोफ्लाविन (ब-२ जीवनसत्त्व) दिवसाला ४०० मिलिग्रॅम (लघवी भडक पिवळी होते, घाबरू नका), मॅग्नेशियम ४०० ते ६०० मिलिग्रॅम, कोएन्झाइम क्यू-१० दिवसातून तीनदा १०० मिलिग्रॅम. पुरावा मध्यम, धोका कमी, वाट बघायची तीन महिने. मॅग्नेशियमनं जुलाब होतात. ऑक्साइडऐवजी सायट्रेट किंवा ग्लायसिनेट घेऊन पाहा, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय नको. बटरबर नावाची वनस्पती मायग्रेनसाठी विकली जाते, तिच्या वाटेला जाऊ नका. यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

तिसऱ्या महिन्यानंतर

पूर्ण मात्रेवर आल्यापासून आठ आठवडे मोजा, पहिल्या गोळीपासून नव्हे. मग दुखण्याचे दिवस पहिल्या महिन्याशी ताडून बघा. १० चे ५ झाले तर औषध लागू पडलं. ७ झाले पण झटके सौम्य झाले आणि गोळी लगेच लागू पडते, तरी ते चालू ठेवण्यासारखं आहे. काहीच हललं नसेल तर औषधाला नावं ठेवण्याआधी चार गोष्टी तपासा. मात्रा ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचली होती का? आठवड्यातून किती वेळा विसरली? झटक्याच्या गोळ्यांचे दिवस अजून दहाच्या वर आहेत का? आणि डोकेदुखी मायग्रेनचीच आहे ना? अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅमवर तीन आठवडे घेऊन ‘मला चाललं नाही’ म्हणणाऱ्यांची यादी लांब आहे. त्यांतल्या अनेकांनी ते खऱ्या अर्थानं घेतलेलंच नसतं. चारही उत्तरं ठीक असतील तर दुसऱ्या गटातलं औषध. पहिलं लागू पडलं नाही म्हणून दुसरं पडणार नाही असं नसतं.

चांगले चाललेले ६ ते १२ महिने झाले की औषध उतरवून पाहता येतं. प्रवास, परीक्षा, घर बदलणं अशा धामधुमीत नको. शांत दोन महिने निवडा. चढवलं त्याहून सावकाश उतरवा: टोपिरामेट दर दोन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅम, प्रोप्रॅनोलॉल काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं. या काळात कॅलेंडर पुन्हा रोज भरायचं. एखादा वाईट आठवडा धरू नका. सलग दोन महिने दुखण्याचे दिवस चाराच्या वर गेले, तर ज्या मात्रेवर शेवटचं ठीक होतं तिच्यावर परत जायचं आणि पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची टाकायची.